मेढीचा उंबर

आमच्या पेणकरपाड्याच्या घरासमोरचा उंबर बरोबर माझ्या लग्नाएवढ्या वयाचा आहे. सासऱ्यांनी मुहूर्तमेढ म्हणून उंबराची ओली फांदी स्वतःच्या हातांनी अंगणाच्या कडेला रोवली होती. मांडव उतरवायची वेळ आली तेव्हा तिला दोन कोंब फुटलेले. सासूबाईंनी मांडववाल्याला दटावलं, बाकी सगळं ने, पण हिला हात लावू नकोस. घरात नवी सून आणि दारात पालवी, असा शकुन कोण उपटून टाकणार? पण उंबर म्हणजे काही तुळस नव्हे. तो वाढला तशा त्याच्या मुळ्याही वाढल्या, आणि आम्ही अंगणात हौसेनं बसवलेल्या लाद्या त्यांनी एकेक करून वर उचलल्या.

आम्ही उड्या मारत ये-जा करायचो. मग बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते उठले, काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लागले, आणि एका सकाळी त्या वर आलेल्या लादीला अडखळून पडले. हाड मोडलं नाही, पण हिंमत मोडली. त्यानंतर त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. दारातल्या खुर्चीत बसून राहायचे, काही विचारलं तर "हां" नाहीतर "न्हाय". असंच बसून राहिले तर पाय कायमचे आखडतील, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं.

सासूबाई दर गुरुवारी उंबराला पाणी घालतात, प्रदक्षिणा घालतात. एका गुरुवारी रिकामी कळशी घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या, "परवानगी काढा नि कापून टाका त्याला. मला माझा माणूस चालता पायजे."

मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी काहीतरी करायला घेते. दोन दिवस मोबाइलवर वाचून मी घरात जाहीर केलं की झाडही राहील आणि अंगणही राहील. खोडापासून लांब एक चर खणायचा, अंगणाकडे आलेल्या मुळ्या तिथे करवतीनं साफ कापायच्या आणि चरात जाड प्लास्टिकचा पडदा उभा करायचा, म्हणजे नव्या मुळ्या अंगणात न घुसता खाली वळतील. नवरा म्हणाला, तू मीरा रोडला चौथ्या मजल्यावर वाढलीस, तुला कुंडीतली माती माहीत. खरं होतं ते. माझ्या माहेरचं गाव रत्नागिरीकडे, पण माती माझ्या वाट्याला यायची ती फक्त मे महिन्याच्या सुट्टीत. म्हणून तर एवढी हौस!

काशीगावच्या एका दुकानात शेततळ्यात अंथरतात तसला जाड काळा प्लास्टिकचा कागद मिळाला. दुकानदारानं हिंदीत विचारलं, तलाव कुठे बांधताय? मी म्हटलं, झाडाला भिंत घालतेय. त्यानं नवऱ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं.

रविवारी सकाळी पहिली लादी उचलली आणि माझ्या अंगात वारं शिरलं. खाली मनगटाएवढी मुळी, तिच्या खाली दुसरी, आणि सगळ्या निघालेल्या थेट नळाच्या मोरीकडे! मोरीला तडा गेला होता, त्यातून पाणी झिरपत होतं आणि उंबर आमच्या पायांखालून गुपचूप पाणी पीत होता. मी आनंदानं ओरडून सगळ्यांना दाखवलं. नवरा चर खणत होता, मी मागून माती उपसत होते, कपाळापासून पायापर्यंत चिखल. शेवटी झाडाच्या बुंध्याजवळची सगळ्यात जाड मुळी दिसली. वाचलेलं सगळं मी विसरले आणि सरळ तिच्यावर करवत टेकवली.

"थांब! ती न्हाय!"

कितीतरी महिन्यांत एवढा मोठा आवाज आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. मी वळून पाहिलं तर बाबा दारातून बाहेर आलेले. उखडलेल्या लाद्या, मातीचे ढीग, आणि त्यातून ते काठी टेकत, एक पाय ओढत येत होते. नवरा धावला, मी त्याचा शर्ट मागून धरला. बाबा चरापर्यंत पोचले आणि काठीनं दाखवत म्हणाले, "खाडीचा वारा हिकडनं येतो. ही मुळी कापलीस तर झाड घरावर पडंल. लांब जा, तिकडं काप."

आम्ही लांब गेलो. सासूबाईंनी खुर्ची आणून झाडाखाली ठेवली, पण ते बसेनात. जन्मभर मिठागरात पाणी अडवलेला माणूस तो. आधी मोरीचा तडा बुजवा, म्हणाले, तिथं पाणी नसलं तर मुळ्या कशाला येतील? कागदाची वरची कड मातीच्या थोडी वर ठेवायला लावली, नाहीतर मुळ्या वरून उडी मारतात. मी चुकले की ओरडायचे, नवरा चुकला की जास्त ओरडायचे. मला इतका आनंद झाला होता की त्यांच्या शिव्यासुद्धा गोड लागत होत्या. संध्याकाळपर्यंत चर भरला. रेती अंथरून लाद्या पुन्हा बसवल्या, सिमेंट न घालता, म्हणजे पुढे कधी लागलंच तर उचलता येतील. अंगण तळहातासारखं सपाट झालं.

जेवताना आम्ही दोघं अंग दुखतंय म्हणून कण्हत होतो.  हात धुऊन झाल्यावर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या मागली बाजू घेऊ."

आमच्या घरामागे एकही झाड नाही. तिथे नुसता कोबा आहे, कुठेही न उचललेला. नवरा तसं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्या ताटात बळेच भात वाढला.

मी विचारलं, "बाबा, किती वाजता सुरू करायचं?"