आत्याबाईंसाठी लावलेलं कुंकू

पारनेरच्या शाळेत मी नवीन रुजू झाले, त्याच दिवशी मधल्या सुट्टीत कुसुमबाईंनी मला बाजूला घेतलं. कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. म्हणाल्या, "शैला, माझे मिस्टर लढाईत गेले. पण घरी आलीस तर सासूबाईंसमोर तसं बोलू नकोस."

गेल्या महिन्यात बाई गेल्या. मागे जवळचं कुणी नाही, म्हणून मीच लिहिते आहे.

त्यांचे पती दत्तात्रय हवाई दलात बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होते. नकाशा बघून वैमानिकाला वाट सांगायची, हे त्यांचं काम. एकाहत्तरच्या लढाईत विमान सीमेपलीकडे पडलं. तार आली : बेपत्ता. वैमानिक वाचला, कैदेत राहिला आणि सुटल्यावर पारनेरला आला.

आत्याबाईंनी, म्हणजे बाईंच्या सासूने, त्याचा हात धरला. "माझा दत्तू तिकडं तुरुंगात हाय ना?"

त्याला 'नाही' म्हणवेना. "असेल, आई," म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला. एसटी स्टँडवर मात्र त्याने बाईंना खरं सांगितलं. वैमानिकाची खुर्ची त्याला घेऊन विमानाबाहेर फेकली जाते; नॅव्हिगेटरला तशी खुर्ची नव्हती. विमान पेटल्यावर दार उघडायलाही वेळ मिळाला नाही.

"शेवटी काही बोलले?"

"डावीकडे घ्या, एवढंच."

बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या. माहेरचे दुसरं लग्न लावून द्यायला तयार होते. पण आत्याबाईंची नजर अधू झालेली. रोज सकाळी त्या सुनेचं कपाळ बोटांनी चाचपायच्या. "कुकू लावलंस न्हवं? त्यो आल्यावर काय म्हनंल?"

"लावलंय, आत्याबाई."

मी एकदा विचारलं, "सांगून का टाकत नाही?" वह्या तपासता तपासता त्या म्हणाल्या, "त्या एका 'असेल'वर जगतायत त्या. मी कसं काढून घेऊ? माझं काय, मला शाळा आहे."

अशी एकोणीस वर्षं गेली. दत्तूसाठी भाकरी झाकून ठेवायला सांगून आत्याबाई गेल्या. तेराव्याला बाईंनी कुंकू पुसलं. आळीतल्या बायका म्हणाल्या, "सासूचा धाक गेला अन् हिनं जित्या नवऱ्याला मारलं."

मला सोबत घेऊन त्या प्रवरासंगमला गेल्या. देह न मिळालेल्या माणसासाठी करतात तसा गुरुजींनी दत्तात्रयांच्या नावाने दर्भाचा पुतळा केला. अग्नी बाईंनीच दिला. पुतळा बघता बघता जळून गेला.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आत्याबाईंच्या देखत रडायची सोय नव्हती. वाटलं, आज तरी येईल रडू. पण ह्यांचा चेहराच नीट आठवत नाही गं. कुणासाठी रडू?"

त्यानंतर इतकी वर्षं आम्ही शेजारी राहिलो. बाईंना रडताना मी कधी पाहिलं नाही.