पलटणीचे दाखले

प्रल्हादभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात आधी त्यांची पेटी आली आणि मग ते. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

भाऊ चिखली तालुक्यात पोस्टमन होते. फौजेची पेन्शन घरपोच देता देता त्यांनी एक रीत पाहिली. जुना शिपाई वारला की लोक त्याचा पलटणीचा दाखला, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेला कागद, अस्थींबरोबर नदीत सोडत. ‘त्याचं त्याच्यासंगं जाऊ द्या.’ भाऊंचा जीव तुटायचा. निवृत्तीनंतर सायकलवर खेडोपाडी हिंडून त्यांनी दोन्ही महायुद्धांतल्या शिपायांचे पेटीभर दाखले जमवले. ते इंग्रजी कागद त्या घरांना कुणी कधी वाचून दाखवलेच नव्हते. भाऊ ओसरीवर बसून मराठीत सांगायचे... उंची पाच फूट चार इंच, उजव्या भुवईवर वण, वर्तणूक उत्तम. ज्या घरात फोटोसुद्धा नाही, तिथं आजोबा एवढेच उरलेले असायचे. बाया डोळ्यांना पदर लावायच्या आणि दाखला भाऊंच्या हवाली करायच्या.

दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले. धाप लागत होती.

“पोरायले याचं काई नाही. तू ठेवशीन काय बे पेटी?”

“घरात जागा कुठाय, भाऊ? पाहू पुढं...”

जागा होती. वरच्या खोलीत मी बंद पडलेला कूलर ठेवलाय. भाऊ नुसतं “हाव” म्हणाले आणि चहा न घेता उठले.

राख सावडायच्या दिवशी थोरल्या मुलानं, बापावरच्या मायेनंच, सगळे दाखले पैनगंगेत सोडले. मी घाटावर पोचलो तेव्हा तो हात धूत होता. “बाबाचं बाबासंगं गेलं, काका,” म्हणाला. त्याच्यावर काय म्हणून चिडू? भाऊ ज्या रीतीशी जन्मभर भांडले, तिनं शेवटी त्यांनाच गाठलं. आडवा येऊ शकणारा माणूस एकच होता, आणि त्याला कूलर हलवायचा कंटाळा आला.

परवा मेहकरकडच्या एका खेड्यातून शेवंताबाई आल्या, आजोबांचा दाखला मागायला. हातात भाऊंच्या अक्षरातली दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी. ‘दाखला सांभाळायला नेला आहे. मागाल तेव्हा परत मिळेल. मी नसलो तर यांना भेटा.’ खाली माझं नाव, माझा पत्ता. मला विचारायच्या कितीतरी आधी भाऊंनी मला गृहीत धरलं होतं... अशा चिठ्ठ्या त्यांनी घरोघर दिल्यात म्हणे.

मी खरं काय ते सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. चिठ्ठीची घडी घालत म्हणाल्या, “भाऊ तं म्हनत होते, मानूस भरोशाचा हाय.”