जवळ्याचा ओटा

ओटा आमचा होता, हे आधीच सांगून ठेवते. रेवदंड्याच्या खाडीकडच्या आमच्या गावात बायका जवळा, ती बारीक कोलंबी, वाळूवरच सुकवायच्या, आणि वाळू लागलेला माल बघितला की व्यापारी नाक मुरडायचा. मग सरकारची योजना आली. आमच्या बचत गटाच्या नावावर मासळी सुकवायला सिमेंटचा बुटका, ऐसपैस ओटा मंजूर झाला. गटाची अध्यक्ष म्हणून दाखवतील तिथे मी सह्या केल्या. ओटा बांधणार कुठे, एवढं विचारायचं मात्र सुचलं नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या घालते.

तो बांधला सरपंचाच्या पाहुणेघराला लागून. नारळ फुटला, आम्हाला ओळीत उभं करून फोटो काढला, आणि पुढच्याच शनिवारी मुंबईच्या पाहुण्यांच्या चार गाड्या ओट्यावर चढल्या. मी जवळ्याची पाटी डोक्यावर घेऊन उभी होते. सरपंच हसत म्हणाला, "काकी, कागदावर नाव तुमचंच हाय ना? मग झालं." तशीच पाटी घेऊन मी वाळूवर परत गेले. याची जिरवायची, हे तेव्हाच ठरलं.

तक्रारी करून पाहिल्या. तालुक्याचे साहेब आले, पाहुणेघरात पापलेट जेवले आणि गेले. पुढे सरपंचाने ठरावच आणला. ओटा 'देखभालीसाठी' त्याच्या भावाच्या ताब्यात द्यायचा. तो मंजूर झाला असता तर कागदावरचं नावही गेलं असतं.

त्याची युक्ती आम्हाला पाठ होती. होड्या किनाऱ्याला लागतात त्याच वेळेला तो ग्रामसभा लावायचा. मासळी टाकून बाई सभेला कशी जाणार? माणसं भरत नसत, सभा तहकूब होई. तहकूब सभेला माणसं मोजायची अट नाही. मग त्याचे भाऊबंद हात वर करायचे आणि ठराव पास व्हायचा.

पण सरपंच भातशेतीवाल्यांतला, आता ट्रकच्या धंद्यातला. समुद्र त्याला मोबाईलवर दिसतो. सकाळची भरती बघून त्याने नऊची सभा लावली, म्हणजे होड्या आत येतील आणि आम्ही मासळी निवडत बसू. तिथी होती नवमी. नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी मंद, पाण्याला ओढ नसते, आणि ओढ नसली की प्रवाहात बांधलेली आमची डोलीची जाळी फुगतच नाहीत. होड्या दोन दिवस बांधलेल्याच होत्या. भरती रोज येते, मासळी रोज येत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरांनाही कळतं. फळ्यावरची सूचना वाचली आणि मी सगळ्या बायांना बजावलं, त्याच्यासमोर एकीनेही हसायचं नाही.

नऊला आम्ही सगळ्या हजर. म्हाताऱ्यांनाही काठीसकट रिक्षात घालून आणलं. सरपंच दाराकडे बघतच राहिला. ग्रामसेवकाने ठराव वाचला, हात मोजले, ठराव पडला. ओटा गटाकडेच राहील, गाड्या आजच उतरवायच्या, असं त्याच वेळी लिहून घेतलं. तिथे थांबता आलं असतं मला. मी थांबले नाही. म्हटलं, "सरपंच, तुम्हीच वाचून दाखवा. म्हाताऱ्यांना आयकू न्हाय आलं." त्याने वाचलं. मध्येच त्याचा आवाज चिरकला. मी पुन्हा वाचायला लावलं.

पौर्णिमेच्या उधाणाला जवळा भरपूर आला. शनिवार बघून पहाटेच आम्ही तो ओटाभर पसरला. वारा पाहुणेघराच्या खिडक्यांकडे. पाहुणे नाकाला रुमाल लावून दुपारच्या आत गेले. पुढच्या शनिवारीही तेच. मला सुख झालं, खोटं कशाला बोलू?

महिन्याभराने सरपंच ओट्यापाशी आला. चेहरा उतरलेला होता. "काकी, शनवार-रविवार तेवढा ओटा मोकळा ठेवा. धंदा बसला माझा." शेजारची बाई मऊ पडली, माझ्याकडे बघायला लागली. मला अजिबात दया आली नाही.

जवळा उलथता उलथताच मी म्हटलं, "सभेत मांडा, सरपंच. तारीख आमी सांगू."