उतारावर सोडलेलं हँडल

माझा जावई कच्च्या उतारावर मोटरसायकल चालवायला शिकवतो. गेल्या महिन्यात त्याची लेक, म्हणजे माझी नात, तिथे घसरली. तिने हँडल सोडून बाजूला उडी मारली आणि पोरगी वाचली. या शहाण्याने मात्र सगळ्या शिष्यांसमोर तिला भित्री म्हटलं. "शेवटपर्यंत धरून राहायचं असतं!" त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही.

काल मी आणि नात त्याचा डबा घेऊन पोचलो, तेवढ्यात त्याच उतारावर त्याचंच मागचं चाक सरकलं. धरायचं की सोडायचं, हे डोक्याला विचारायच्या आत त्याच्या हातांनी ठरवलं. गाडी एकीकडे, जावईबापू गवतात.

"बाबा, लागलं का हो?" नात धावली.

टोमणा मारला असता तरी परवडलं असतं. त्याला मान वर करवेना. शिष्य हसू दाबत होते. शेवटी त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "त्या दिवशी हिचंच बरोबर होतं. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं."

"बरं, आधी गाडी उचला," नात म्हणाली, आणि उचललेल्या गाडीवर स्वतःच बसली.