रविवारच्या मार्कांचा मेसेज

भोकरच्या स्टँडवर आईनं मला बसमध्ये बसवलं, पण खिडकीची दांडी काही सोडेना. "लातुरात दारापाशीच झोपत जा," म्हणाली. तिचं माहेर निलंग्याकडचं. भूकंपात तिचा धाकटा भाऊ मातीखालून जिवंत निघाला नाही. आणि बाबांनी मला डॉक्टर व्हायला धाडलं तेही त्याच मुलखात!

तुमच्यातले जे क्लाससाठी गाव सोडून गेले, त्यांना रविवारची टेस्ट सांगायला नको. संध्याकाळी मार्क थेट पालकांच्या मोबाइलवर.

आईची जुनी सवय होती. मांडणीच्या कडेला तांब्यावर फुलपात्र ठेवायची. जमीन हलली की आधी ते वाजणार, म्हणजे पळायला सापडतं. मी गेल्यावर पहिल्याच रविवारी तिनं मोबाइल नेमका त्या तांब्याला टेकवून ठेवला, व्हायब्रेटवर. मेसेज आला, फुलपात्र खडखडलं. सांभाळायला आणलेलं शेजारणीचं लेकरू छातीशी धरून आई "भाईर पळा!" ओरडत रस्त्यावर. अख्खी गल्ली बाहेर! मग कुणीतरी मोबाइल आणून माझे मार्क सगळ्यांसमोर वाचले.

शेजारच्या काकूनं फोनवर सांगितलं तेव्हा मी लई हसले. पण पुढं आई रविवारी घरात थांबेचना. मेसेज येईस्तोवर उपाशी अंगणात. हे कळल्यापासून टेस्टला माझं ध्यान तिकडं अंगणात, उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करताना भलताच पर्याय रंगायचा. मार्क घसरले, तिकडं आई वाळत चालली. बाबांनी सांगून टाकलं, अजून एक टेस्ट बिघडली की गाशा गुंडाळ. नुसता संताप यायचा. काढू कुणावर?

एके दिवशी आई एकटीच एसटीनं लातूरला आली, मला घेऊन तडक क्लासच्या काउंटरवर.

"मह्या मोबाइलवर मार्क धाडू नका."

"मावशी, ते सिस्टीममधून आपोआप जातं. पालकांना कळायला नको का?" काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"कळंल की. मही लेक सांगंल. ती सांगंल तेवढंच मला पाहिजे हाय."

त्यानं नंबर काढला. मी तिथंच ढसाढसा रडले.

त्या वर्षी मी लातुरात टिकले, पण मेडिकल लागलं नाही. निकालाचं मीच आईला सांगितलं. "बरं झालं, तुझ्या तोंडून कळलं," एवढंच म्हणाली.

आता हैदराबादेत मी कुठं पोचले ते नवऱ्याच्या मोबाइलवर दिसतं, किती झोपले ते मनगटावरच्या घड्याळाला ठाऊक. कुणी काही विचारतच नाही. आई रोज फोनवर विचारते, "कशी हाईस?" आणि मी बोलेपर्यंत गप्प राहते. माझी खबर माझ्याआधी जिथं पोचत नाही, तेवढंच आता माझं घर.