झांजेची जागा

माझे आजोबा मिशनरी होते. दिल्लीत हे कुणाला सांगितले की समोरचा हमखास विचारायचा, कुठल्या देशातून आले होते? अहो, आले नव्हते, गेले होते. नगर जिल्ह्यातून. मुंबईला बोटीत बसून ते पूर्व आफ्रिकेला गेले. आधी तिथल्या रेल्वेत कामाला असलेल्या आपल्या लोकांची उपासना घ्यायला, आणि मग रेल्वे जिथे संपते त्याच्याही पुढे, डोंगरातल्या एका गावात. तिथेच राहिले आणि तिथल्याच मातीत आहेत.

जाताना आजीला सांगून गेले होते की दोन वर्षांत परततो. बाबा तेव्हा एवढेसे होते. आजीने मिशनच्या शाळेत शिकवून त्यांना वाढवले. मधे एकदाच आजोबा आले, तेव्हा बाबा मॅट्रिकला होते, आणि आपल्याच वडिलांशी काय बोलायचे हे न सुचल्यामुळे अभ्यासाचे निमित्त करून मित्राकडे जाऊन राहिले. त्या आफ्रिकेतल्या गावाचे नाव आमच्या घरात शिवीसारखे उच्चारले जायचे. कुणी दुसऱ्याच्या कामासाठी घर सोडून धावला की बाबा ते नाव घेत आणि म्हणत, भाजा लष्कराच्या भाकऱ्या.

आजोबा कीर्तनकार होते. आमच्याकडे कीर्तन असते हे ऐकून हिंदू मैत्रिणी चकित व्हायच्या. उपरणे, चिपळ्या, पूर्वरंग, उत्तररंग, सगळे तेच, फक्त आख्यान बायबलमधले. आजोबांचे आवडते आख्यान उधळ्या पुत्राचे, बापाला सोडून गेलेला मुलगा डुकरे राखायची पाळी आल्यावर परत येतो ते. ते उभे राहायचे आणि त्यांच्या डाव्या हाताला, गुडघ्याएवढे बाबा छोटी झांज वाजवायचे. हे आजीने मला सांगितले. बाबांनी सांगितले ते एवढेच, की सगळ्यांच्या गोष्टीत उधळ्या पुत्र असतो, आमच्या घरी उधळ्या बाप होता.

हे सगळे वर आले ते घर बदलताना. बाबा मंत्रालयातून निवृत्त होत होते आणि आर. के. पुरमचे सरकारी क्वार्टर सोडायचे होते. ऑफिसातल्या लोकांनी सोसायटी काढून द्वारकेला फ्लॅट बांधले होते. तेव्हा द्वारकेत इमारती होत्या, रस्ते व्हायचे होते. बाबा म्हणायचे, कृष्णाची द्वारका पाण्यात बुडाली, आमच्या द्वारकेला बुडायचे असेल तर आधी टँकर मागवावा लागेल. मी नुकतीच एका खाजगी कंपनीत लागले होते, घरात केबल आली होती, सगळ्यांनाच जुने काही नकोसे झाले होते. त्यामुळे आईने माळ्यावरून आजोबांची पेटी काढली आणि बाबा म्हणाले, ही कबाडीला दे, तेव्हा मला त्यात फार वावगे वाटले नाही. पेटीत उपरणे होते, चिपळ्यांचा एक जोड होता आणि ती छोटी झांज. आईने पेटी पलंगाखाली सरकवली. आई भांडत नाही, वाट बघते. मला तिचा हा स्वभाव कधीच जमला नाही.

महिन्यातून एकदा आमची मराठी उपासना असायची, एका चर्चचा हॉल दुपारचा मागून घेऊन. मंडळी म्हणजे पंचवीस-तीस डोकी, बहुतेक सरकारी नोकरीतली. मुलांना मराठी समजेनासे झाले होते म्हणून गाणी हिंदी झाली, हार्मोनियम-तबला जाऊन कीबोर्ड आला आणि तो एकच ठेका धरायचा. कीर्तनाचे नाव कुणी काढत नव्हते.

त्या हॉलमध्ये एका रविवारी मुनिरक्यात राहणारा एक आफ्रिकन विद्यार्थी येऊन मागे बसला. उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि हिंदी थेट जाट घरमालकाकडून उचललेली. चहाच्या वेळी त्याने आपली अडचण सांगितली. त्यांच्या गावात चर्चमध्ये उपदेशक उभ्याने गातो, बोटांत लाकडाचे तुकडे वाजवतो, मधेच गोष्ट थांबवून विनोद करतो. हे त्यांना एका इंडियन पाद्र्याने शिकवले. त्यामुळे इंडियात सगळे ख्रिस्ती असेच करतात, असे त्यांचे सगळे गाव धरून चालले होते. हा दिल्लीत आल्यापासून रविवारी चर्चमागून चर्च पालथे घालत होता. कुठे ऑर्गन, कुठे गिटार. मल्याळी लोकांकडे गेला, पंजाब्यांकडे गेला, सगळ्यांनी त्याच्याकडे हा काय मागतोय अशा नजरेने पाहिले. शेवटी कुणीतरी म्हणाले, मराठी लोकांना विचार.

आईने त्याला गावाचे नाव विचारले. त्याने सांगितले. बाबा घरात शिवीसारखे घ्यायचे, तेच नाव. बाबा तेव्हा बाहेर स्कूटर काढत होते. आई शांतपणे म्हणाली, पुढच्या रविवारी घरी जेवायला ये. त्याला तिने काही सांगितले नाही, बाबांना तर नाहीच. बाबा स्कूटरने पुढे गेले आणि बसमध्ये मी तिला म्हटले की हे काही बरोबर नाही, बाबा त्याला हाकलून देतील. ती म्हणाली, जेवायला बोलावलेल्या माणसाला तुझे बाबा हाकलत नाहीत. हे खरे होते. मला मात्र आठवडाभर धास्ती होती. बाबा निदान आजोबांचा राग तरी नीट करत आले होते, आता तोही उसवला तर त्यांच्याकडे काय उरेल, असे मला वाटत होते.

तो आला. वरण-भात, बटाट्याची भाजी, आणि मामांनी नगरहून पाठवलेल्या कुरडया त्याने पापड समजून न थांबता खाल्ल्या. बाबांनी त्याची रीतसर चौकशी केली, कोणता कोर्स, खोलीचे भाडे किती. मग आईने पलंगाखालून पेटी ओढली आणि त्याच्यापुढे ठेवली. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि पेपर उचलला.

चिपळ्या बघून त्या मुलाचा चेहराच उजळला. गाऊन दाखवू का, असे त्याने विचारले. आई म्हणाली, अच्छा, चलो, दिखाओ. त्याने सोफा मागे सारला, उपरणे खांद्यावर टाकले, चिपळ्या बोटांत घेतल्या. मग वाकून पेटीतली झांज काढली, आपल्या डाव्या हाताला सतरंजीवर नीट मांडली आणि तिच्यापासून पाऊलभर दूर झाला.

बाबा पेपरमागून म्हणाले, "नीचे क्यों रखा? पैर लगेगा."

तो म्हणाला की पाय लागतच नाही, तिथे कुणी जातच नाही. नियमच आहे ना तुमचा. लहान मुले चुकून तिथे गेली की म्हाताऱ्या ओरडतात. मग इंडियाच्या लोकांना इंडियाचा नियम समजावून सांगावा लागतोय याचे त्याला जरा आश्चर्य वाटले असावे. तरी त्याने सांगितले.

"वो जगह बेटे की है, अंकल. पाद्री साहब का बेटा इंडिया में है. आएगा तो बजाएगा."

पेपर खाली आला. कब से, बाबांनी विचारले. शुरू से, तो म्हणाला. त्याचे आजोबा लहान असल्यापासून. पाद्रीसाहेब गेले, त्यांच्यामागून दोन उपदेशक झाले, पण कीर्तनाला उभे राहायच्या आधी झांज मांडायची, हे कुणी सोडले नाही.

मी बाबांकडे बघत होते आणि मला रडू येत होते. ज्या माणसाने आपली आठवण काढली नाही म्हणून त्यांनी आयुष्यभर अढी धरली, त्याने प्रत्येक कीर्तनात अख्ख्या गावाला त्यांची वाट बघायला लावली होती. घरी यायचे तेवढे त्याला जमले नाही. तो राग मलाही येतो, अजून येतो. पण विसरला नव्हता.

बाबा उठले. चष्मा काढून टीव्हीवर ठेवला. त्या मुलाच्या डाव्या हाताला जाऊन त्यांनी वाकून झांज उचलली. मुलगा गडबडला आणि अदबीने म्हणाला की अंकल, तिथे नाही उभे राहायचे.

बाबा मराठीतच म्हणाले, "आलोय मी."

त्याला काही कळले नाही. त्याने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "बेटा, वही है." तरी थोडा वेळ लागला. मग त्याने डोळे पुसले, घसा खाकरला आणि सुरुवात केली. भाषेचा एक शब्द आम्हाला कळत नव्हता, पण मधे डुकरे हाकलण्याचा अभिनय आला तेव्हा आख्यान कोणते ते कळले. बाबांची झांज प्रत्येक वेळी किंचित उशिरा पडत होती. ते चिडून मान हलवायचे आणि पुन्हा धरायचे.

पेटी द्वारकेला आली. मुलगा शिकून परत गेला. एका रविवारी त्याचा फोन आला. फोन मी उचलला आणि बाबांना दिला. गावात सभा भरली होती, म्हातारी माणसे विचारत होती, आता पाद्रीसाहेबांच्या मुलाने, दिल्लीत का होईना, झांज वाजवली, तर ती जागा भरून टाकायची का? तुमचा नियम काय सांगतो?

बाबांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. लाइन कटते की काय म्हणून मी खुणा करत होते.

"रहने दो," ते म्हणाले. "किसी और का आना बाकी होगा."