रुमालाची सीट

"ए मावशे, ऊठ. रुमाल दिसून नाही राह्यला का?"

तेल्हाऱ्याहून सुटणारी सकाळची अकोला गाडी. सीटवरचा रुमाल उचलून, नीट घडी करून आईने खिडकीशी ठेवला होता आणि ती बसली होती. मांडीवर शेवंतीची टोपली. गुडघे कधीचेच गेलेले.

रुमाल ज्याचा, त्याने तो दोन बोटांत धरला आणि खिडकीबाहेर फेकून दिला.

"हात लावला ना तुनं. आता काय कामाचा?"

मागचे हसले. हे अपडाऊनवाले. राहायला तेल्हाऱ्यात, नोकरी अकोल्यात. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, पान खायला जायचं, सुटता सुटता चढायचं. बापाचीच गाडी! कंडक्टर तिकिटं फाडत पुढे सरकला.

"चुकलं भाऊ," म्हणत आई उठली. अकोल्यापर्यंत दांडीला लटकली. मी तिच्या शेजारी उभी. त्याचा राग आलाच, पण आईच्या त्या 'भाऊ'चा जास्त आला.

जठारपेठेत फुलं विकताना ती म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर कायले? आपल्याले रोज याच गाडीनं जायाचं हाय, पोरी."

रोज जायचं आहे, म्हणूनच तर.

दुसऱ्या दिवशी गाडी फलाटाला लागायच्या आत मी धावले. टोपलीवरचं ओलं फडकं खिडकीतून त्याच सीटवर टाकलं. न पिळता.

तो चढला. "हे कोणाचं?"

"माह्या मायचं. आमचा रुमाल हाय. हात लावू नका."

आई बसेना. सगळी गाडी बघत होती. मी तिला खांद्याला धरून बसवलं.

तो भांडला नाही. अकोल्यापर्यंत आमच्या डोक्यावर उभा राहिला. उतरताना वाकून हळूच म्हणाला, "तुमच्या वावराचा रस्ता लय सुना रायते."

आज दिवस बुडताना त्या रस्त्यावर एक मोटरसायकल उभी होती. आमच्याकडे तोंड करून. आम्ही पुढे गेलो, ती मागून हळूहळू घरापर्यंत आली.

आई जेवली नाही. "उद्या उभंच जाऊ, बाई," म्हणते.

मलाही भीती वाटते. खोटं कशाला सांगू? पण फडकं मी बादलीत भिजत घातलं आहे. उद्या आई बसूनच जाईल. कोणी तिला उठवलं, तर मी खाली उतरून चाकापुढे बसेन. मग गाडी कोणाचीच सुटणार नाही.